पावणेदोन भागिले अर्धा

आज डी.एल.एड.ची पदविका घेणाऱ्या माझ्या शिक्षकमित्रांनो,

"प्राथमिकचं तर गणित, त्यात शिकण्यासारखं काय असतं?" हा प्रश्न तुम्ही गेली दोन वर्षं घरीदारी ऐकला असेल. मला तो फार खुपतो.

शिक्षकांना प्राथमिकचं गणित किती उमगलेलं असतं, यावरचं लिपिंग मा यांचं पुस्तक १९९९ साली आलं. त्यातल्या अभ्यासात अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ शिक्षकांना पावणेदोन भागिले अर्धा हे उदाहरण सोडवायला दिलं गेलं, आणि त्यावर एक शाब्दिक उदाहरण रचायला सांगितलं गेलं. उत्तर पूर्ण बरोबर आलं ते अमेरिकेतल्या ९ जणांचं आणि चीनमधल्या सगळ्यांचं. शाब्दिक उदाहरण मात्र अमेरिकेत एकालाच जमलं; चीनमध्ये ६५ जणांना. अमेरिकी शिक्षक पदवीधर होते. चिनी शिक्षकांपैकी बहुतेकांचं शिक्षण नववीपर्यंतचं, आणि पुढे दोन-तीन वर्षं अध्यापक विद्यालय.

"भाजकाचा व्यस्त करून गुणा" ही रीत आपल्यालाही पाठ आहे. पण पावणेदोन किलो साखर घ्या आणि अर्ध्या किलोच्या पिशव्या भरा. तीन पिशव्या भरतात, पाव किलो उरते. वर्गातली एखादी मुलगी सांगेल, "बाई, सव्वातीन!" पाव उरला, म्हणून सव्वातीन. तिचं कुठं चुकलं? उरलेली साखर ती किलोत मोजते आहे, आणि आपण विचारलंय पिशव्यांचं. पाव किलो म्हणजे अर्धी पिशवी, म्हणून उत्तर साडेतीन. हे तिला दाखवायला व्यस्ताची रीत कामी येत नाही. भागाकार म्हणजे काय, ते आधी आपल्याला उमगलेलं असावं लागतं.

दुसरीतही हेच. ५२ वजा २७ चं उत्तर एखादं मूल ३५ लिहितं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते सातातून दोन काढतं. त्यावर लाल फुली मारून पुढे जाऊ नका. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवा, एक गठ्ठा त्यालाच सोडू द्या. बारा सुट्या झालेल्या ते स्वतः मोजेल.

चीनमधले ते शिक्षक हे सगळं अध्यापक विद्यालयातूनच शिकून आले नव्हते. नोकरीत असताना एकत्र बसून ते पाठ्यपुस्तकाचा कीस काढत, एकच उदाहरण कितीतरी रीतींनी सोडवून बघत. आपल्याकडे केंद्राची शिक्षण परिषद असते. तुम्ही तिथे नवे असाल, बोलायला संकोच वाटेल, तरीही परिपत्रकं वाचून झाली की एका मुलाची वही सगळ्यांपुढे ठेवा. नाव झाका, चुकलेलं उत्तर उघडं ठेवा, आणि विचारा: या मुलानं काय विचार केला असेल?