पिकअपची ताडपत्री

गाडी घेताना आपण दहा जणांना विचारतो. इंजिन, टायर, बँकेचा हप्ता, सगळ्यांची चौकशी होते. गाडी दारात येते, तिला हार पडतो, नारळ फुटतो. ताडपत्री मात्र पहिली सर आली की वाटेतल्या दुकानातून, हाताला लागेल ती उचलून आणतो. आमच्या घरी असेच झाले. मी कॉलेजात मराठी शिकवतो. तेव्हा या मास्तराला पिकअपमधले काय कळते, असे तुम्हांला वाटले तर त्यात वावगे काही नाही. पण आमची शेती धाकटा भाऊ पाहतो, आणि कांद्यातला तोटा दोघांनाही सोसावा लागतो.

मे महिन्यातली गोष्ट. भावाने शनिवारी दुपारी पिकअपमध्ये सुटा कांदा भरला. आभाळ आले होते, म्हणून नवी निळी प्लॅस्टिकची ताडपत्री चारी बाजूंनी आवळून बांधली. वाटेत सर आली, तासाभरात गेली. बाजार समितीच्या आवारात पोहोचेतो लिलाव संपले होते. मध्ये रविवार आला. गाडी बांधलेली तशीच दोन रात्री आणि एक कडक दिवस उभी राहिली. सोमवारी सकाळी ताडपत्री काढली, तर तिच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब लोंबत होते, वरचा थर ओला होता आणि कांद्याला वास सुटला होता. त्या गाडीला जो भाव मिळाला तो इथे सांगण्यासारखा नाही. आणि पावसाचा एक थेंबही आत गेला नव्हता, बरे का!

मग पाणी आले कुठून? कांद्यातूनच. काढलेला कांदा जिवंत असतो, तो श्वास घेतो. त्यातून ऊब आणि वाफ बाहेर पडते. दिवसा ती हवेत मिसळून राहते. रात्री प्लॅस्टिक गार पडले की त्याला लागून तिचे पाणी होते आणि ते पुन्हा कांद्यावरच गळते. भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचलून पाहा, म्हणजे निराळे सांगायला नको.

म्हणून ताडपत्री निवडताना आधी गाडीकडे पाहू नका, मालाकडे पाहा. खत, सिमेंट, पेंड, वाळलेले सोयाबीन यांना पाणी लागता कामा नये. तिथे प्लॅस्टिकची उत्तम. कांदा, बटाटा, भाजीपाला, फळे यांना वारा हवा. तिथे जाड सुती कापडाची, मेण चढवलेली ताडपत्री बरी. या कापडाची एक गंमत आहे. कोरडे असताना त्यातून थोडी हवा खेळते. भिजले की सुताचे धागे फुगतात आणि छिद्रे मिटतात. पण ते जड असते, आणि ओलेच घडी करून ठेवले तर बुरशी धरते. प्लॅस्टिकचीच आहे, दुसरी घेण्याची ऐपत नाही, असे असेल तर पाऊस थांबताच मागची बाजू सोडा आणि कडेने वारा जाऊ द्या. आम्हांला एवढे कळते तर तो कांदा वाचला असता.

जाता जाता, ताडपत्री या शब्दाचा ताडाच्या पानाशी संबंध नाही. इंग्रजीतला टारपॉलिन आपल्या जिभेवर आला आणि ताडपत्री झाला. टार म्हणजे डांबर. जहाजावरचे लोक डांबर फासलेले कापड वापरीत.

आता माप. पुष्कळ पिकअपांचा हौदा नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद असतो. तरी आपला आपण टेपने मोजावा. माल कडेच्या वर दोन फूट गेला आणि दोर बांधायला एक फूट खाली हवा, तर प्रत्येक बाजूला तीन फूट वाढवावे लागतात. म्हणजे लांबी १५ आणि रुंदी साडेअकरा फूट. घ्यायची १५ बाय १२ ची. शिवणीत काही इंच जातात हेही विसरू नका. अमेरिकेत पिकअपच्या हौद्यावर गुंडाळता येणारी सपाट झाकणे बसवतात. तिथे पुष्कळांची ती घरची गाडी असते आणि सामान कडेच्या आत राहते. आपला माल कडेच्या आत कधी राहिला आहे?

पावसापेक्षा ताडपत्री फाटते ती फडफडण्याने. पुढची कड केबिनच्या मागे घट्ट खाली दाबा. दोन तुकडे जोडायचे तर पुढचा मागच्यावर यावा, नाहीतर वारा मध्ये शिरतो. मधोमध खळगा राहू देऊ नका. चौरस मीटरभर जागेत दहा सेंटीमीटर पाणी साचले तर त्याचे वजन शंभर किलो होते. लोखंडी कमानी बसवल्या तर पाणी ओघळून जाते.

राहिला जाडीचा प्रश्न. दुकानदार 'दोनशे जीएसएम' म्हणतो. म्हणजे एका चौरस मीटरला दोनशे ग्रॅम. गुरुजी, हे गणित वर्गात जरूर घाला. १५ बाय १२ फूट म्हणजे १८० चौरस फूट, सुमारे पावणेसतरा चौरस मीटर. दोनशेने गुणा: तीन किलो साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. शिवणीत गेलेले कापड दुमडून आतच असते, म्हणून वजन कमी भरायला नको. उलट कडेच्या कड्यांचे थोडे जास्तच भरेल.

दुसऱ्या खेपेला मी भावाबरोबर गेलो. दुकानदाराला म्हटले, जरा काट्यावर ठेवा. तो हसला, म्हणाला, ताडपत्री कोणी वजनावर घेते का? काटा शेजारच्या किराणा दुकानातून आणावा लागला. वजन भरले दोन किलो शंभर ग्रॅम. भावाने काही न बोलता ती घडी परत फळीवर ठेवली आणि दुकानदाराला विचारले, "सुती कापडाची आहे का? ती दाखवा. आणि काटा राहू द्या इथेच."