पांजरपोळास जमीन हवी
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात वन्य प्राण्यांना हक्काचा आसरा आहे. १९९७ साली ज्ञानगंगा अभयारण्य झाले. २००० साली लोणार सरोवराच्या परिसरास तोच मान मिळाला. तेथे लोक मुलाबाळांसह जातात, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ज्याच्या खांद्यावर आपल्या कैक पिढ्यांचे जू राहिले, त्या बैलाच्या वार्धक्याचे काय?

पांजरपोळ ही संस्था आपणांस नवी नाही. मुंबईचा पांजरपोळ १८३४ साली निघाला. मात्र आज या संस्थांवरील भार निराळा आहे. ट्रॅक्टर आल्यामुळे बैलाचे काम घटले. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलांच्या वधासही कायद्याने बंदी आहे. त्यामुळे थकलेल्या बैलास गिऱ्हाईक उरले नाही आणि दावणीला तो पोसण्याची ऐपत लहान शेतकऱ्यास नाही. त्यातच घाटावर काय आणि घाटाखाली काय, ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. कडबा दुर्मिळ झाला.

आता हिशेब पाहा. एका बैलास दिवसाकाठी सात किलो वैरण धरली, तरी वर्षाला अडीच टन लागते. शंभर जनावरांस अडीचशे टन! एवढी वैरण वर्गणीच्या पैशाने दरसाल विकत घेणे कोणत्या संस्थेस झेपेल? म्हणून माझे सांगणे असे की, पांजरपोळास देणगीच्या आधी जमीन हवी. पांजरपोळ शहराच्या दाटीत नसावेत, मोकळ्या विस्तीर्ण जागी असावेत, हा गांधीजींचा आग्रह होता. जमनालाल बजाज यांनी आयुष्याच्या अखेरीस, १९४१-४२ साली, वर्ध्यास गोसेवेचे काम अंगावर घेतले, तेही गोपालनाला शास्त्राची आणि हिशेबाची जोड देण्यासाठीच.

घाटउतारावरील पडीक रान घ्यावे, समपातळीवर बांध घालावेत, पावसाळाभर चराई बंद ठेवावी आणि गवताचे बी पडल्यावर कापणी करावी. माती थांबते, पाणी मुरते, वैरण मिळते. शेणखत पुन्हा त्याच जमिनीस जाते.

आणि अशा जागेचे फाटक सर्वांस उघडे असावे. पाहुणा नुसता पुण्य जोडण्यास येत नाही. त्याच्या नजरेस गंजी किती उरली, हौदात पाणी आहे की नाही, जखमेवर औषध लागले की नाही, हे सारे पडते. जेथे लोकांची ये-जा असते, तेथे हयगय लपत नाही. मात्र सणावारी पुरणपोळ्या व शिळा भात यांचा मारा करू नये; त्याने जनावराचे पोट बिघडते. त्याऐवजी कडब्याच्या चार पेंढ्या न्याव्यात.

बंधू-भगिनींनो, पोळ्याच्या दिवशी आपण बैलाच्या शिंगांना बेगड लावतो व त्यास ओवाळतो. त्याच्या उरलेल्या दिवसांसाठी पडीक का होईना, थोडी जमीन आपल्या समाजातून निघावी, एवढीच माझी विनंती आहे.