कालव्याकाठच्या मुरुमावर सायकल

नीरा डावा कालवा बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून वाहतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या या कालव्याला उतार अगदी नाममात्र असल्याने भरावावरची मुरुमाची वाटही जवळजवळ सपाट. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला ऊस. खडी-मुरुमाच्या वाटांसाठी बनवलेल्या ग्रॅव्हल सायकलला याहून सोयीची वाट क्वचितच मिळेल.

या सायकलचे टायर साधारण ४० मिलिमीटर रुंद असतात. हवा थोडी कमी ठेवली की सुट्या मुरुमावर चाक घसरत नाही. खरा वैरी वेड्या बाभळीचा काटा. म्हणून ट्यूबलेस टायरमध्ये छिद्र बुजवणारे सीलंट भरतात. काळ्या मातीवर मात्र उपाय नाही. पावसात ती चाक आणि फ्रेम यांच्या फटीत लिंपली जाते आणि सायकलच खांद्यावर घ्यावी लागते.

 या भागात पाहण्यासारखेही बरेच आहे. इंदापूरला शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांची गढी आहे, तर नीरा-भीमा संगमावर नरसिंहपूरचे मंदिर. उत्तरेला उजनीचा जलाशय. त्यात बुडालेले पळसदेवचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडे पडते. पण तेव्हा ऊन भाजून काढते. सायकलसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस बरे, आणि जलाशयाकाठच्या भिगवणचे रोहित पक्षीही त्याच सुमारास दिसतात.