स्वर्गाचें राज्य

मराठी घरांत कोणी वारलें, कीं त्याच्या नांवामागें 'कैलासवासी' किंवा 'वैकुंठवासी' हा शब्द लागतो. दुखवट्याच्या मजकुरांत 'स्वर्गवास' हा शब्द तर इतका रुळला आहे, कीं स्वर्ग म्हणजे मरणोत्तर मुक्कामाचें ठिकाण, ही कल्पना ऐकणाऱ्याच्या मनांत आपोआप उभी राहते. त्यामुळें ख्रिस्ती धर्मग्रंथांत 'स्वर्गाचें राज्य' हे शब्द भेटले, म्हणजे सुशिक्षित वाचकहि तेथें फारसा थांबत नाहीं. पुण्यवान् माणूस मेल्यावर जेथें जातो तें हें, असें समजून तो पान उलटतो. कित्येक ख्रिस्ती कुटुंबांतहि लहानपणापासून हाच अर्थ मनांत बसलेला असतो. परंतु येशूच्या तोंडीं हे शब्द ज्या अर्थानें आले, त्या अर्थाची दिशाच उलट आहे. त्यांत माणसानें उठून वर जावयाचें नाहीं. राज्यानें खालीं यावयाचें आहे. येशूनें शिष्यांना जी प्रार्थना शिकविली तिच्यांत देवाच्या सत्तेचें आगमन मागितलें आहे, आणि वर जी इच्छा निर्वेध चालते तिचाच अंमल या मातीवर बसावा असें म्हटलें आहे. 'आम्हांला तेथें ने' अशी विनवणी त्या प्रार्थनेंत कोठेंच नाहीं.

मग 'स्वर्ग' हा शब्द आला कोठून? चार शुभवर्तमानांपैकीं तो एकट्या मत्तयानें या जोडीनें वापरला आहे, आणि तोहि सुमारें ३२ वेळां. मार्क व लूक त्याच प्रसंगीं 'देवाचें राज्य' म्हणतात. मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायांत श्रीमंत माणसाची गोष्ट आहे. तेथें लागोपाठच्या दोन वाक्यांत एकदां 'स्वर्गाचें राज्य' व एकदां 'देवाचें राज्य' असे शब्द आले आहेत, त्यावरून दोन्ही एकच हें उघड होतें. बहुतेक अभ्यासक याचें कारण असें देतात, कीं यहूदी लोक देवाचें नांव उच्चारण्यास कचरत आणि त्याऐवजीं 'स्वर्ग' म्हणत. पूर्वीच्या मराठी घरांतील सासुरवाशिणीला हें समजावून सांगण्याची गरज पडली नसती. पतीचें नांव न घेतां ती 'इकडून सांगणें झालें' एवढेंच म्हणे, आणि कोणाकडून तें सर्वांस कळे. 'इकडून' म्हणजे घरांतील एखादी दिशा, असें कोणी मानलें असतें तर जी चूक झाली असती, तीच चूक येथें 'स्वर्ग' या शब्दानें होत आली आहे.

दुसरा शब्द 'राज्य'. त्याला मराठींत दोन अर्थ आहेत. एक मुलूख आणि दुसरा अंमल. 'राज्याच्या सीमा' म्हणतांना पहिला अर्थ असतो, 'अमक्याच्या राज्यांत लोक सुखी होते' म्हणतांना दुसरा. हिब्रू 'मलकूथ' आणि ग्रीक 'बासिलेया' या शब्दांत सत्ता चालविणें हा अर्थ प्रथम येतो, प्रदेश मागून. लपंडाव खेळणारीं मुलेंहि 'तुझ्यावर राज्य आलें' असें म्हणतात, तेव्हां तेथें मुलूख नसतो. ज्याच्यावर राज्य येतें त्याला धांवावें लागतें, इतकेंच. देवाचें राज्य ज्याच्यावर येतें त्यालाहि स्वस्थ बसतां येत नाहीं, तेव्हां मुलांचा हा शब्दप्रयोग पंडितांनीं अगदींच टाकून देण्यासारखा नाहीं.

येशूच्या काळीं हा शब्द उच्चारणें धोक्याचें होतें. यहूदिया प्रांत रोमच्या ताब्यांत होता आणि गालीलवर रोमच्या मर्जीनें हेरोद अंतिपा राज्य करी. इ. स. ६ मध्यें रोमी अधिकाऱ्यांनीं करासाठीं लोकांची नोंदणी सुरू केली, तेव्हां गालीलच्या यहूदा नांवाच्या माणसानें बंड उभारलें. देवावांचून दुसरा धनी मानावयाचा नाहीं, हें त्या बंडाचें सूत्र होतें असें इतिहासकार योसेफस सांगतो. त्या वेळीं येशू लहान मुलगा असावा. पुढें त्याच गालीलमध्यें देवाचें राज्य जवळ आलें आहे असें तो सांगूं लागला, तेव्हां ऐकणाऱ्यांपैकीं कित्येकांचे हात तलवारीकडे गेले असतील. रोमी सुभेदार पिलातानेंहि अखेर तोच अर्थ घेतला. क्रुसावरील पाटीवर 'यहूद्यांचा राजा' हाच अपराध लिहिला गेला.

तलवारीची वाट पाहणाऱ्या या लोकांना येशूनें ज्या गोष्टी सांगितल्या, त्या त्यांना मोठ्या विचित्र वाटल्या असल्या पाहिजेत. देवाचें राज्य मोहरीच्या दाण्यासारखें आहे, असें तो म्हणतो. ज्या यहूदी धर्मग्रंथांत राष्ट्रांची उपमा लबानोनच्या उंच गंधसरूला दिलेली आहे, ते ग्रंथ लहानपणापासून ऐकणाऱ्यांना ही मोहरी म्हणजे थट्टाच वाटावी. मोहरी तर परसांतील झुडूप. शिवाय तें आवरतां न येणारें. एकदां बीं पडलें कीं तें जमिनीतून निघत नाहीं, असें रोमी लेखक प्लिनी यानेंच नमूद करून ठेवलें आहे. दुसरी उपमा खमिराची. कोणी बाई तीन मापें पिठांत खमीर कालवून ठेवते आणि सगळें पीठ फुगून येतें. हीं तीन मापें म्हणजे शंभरावर माणसांचें जेवण. एका घराची ही भाकर नव्हे. आणि वल्हांडण सणाच्या वेळीं यहूदी घरांतून जें खमीर कटाक्षानें बाहेर काढीत, तेंच येथें देवाच्या सत्तेचें चिन्ह म्हणून पुढें केलें आहे. त्यांत सैन्य नाहीं, सिंहासन नाहीं. काम कोणाला न दिसतां, आंतून आणि हलक्या समजल्या जाणाऱ्या वस्तूंच्या हातून होतें.

परंतु या राज्यांत न्याय कसा चालतो, हें पाहावयाचें तर द्राक्षमळ्याच्या दृष्टांताकडे वळावें लागतें. तो सर्व दृष्टांतांत अधिक टोंचणारा आहे. मळ्याचा धनी पहांटे चव्हाट्यावर जातो आणि एका दीनारावर मजूर ठरवितो. दीनार ही त्या काळची एका दिवसाची मजुरी. तो पुन्हां नऊ वाजतां, दुपारीं व तीन वाजतां जातो, आणि शेवटीं दिवस मावळण्यास तासभर उरला असतांना पांच वाजतां जातो. तेव्हांहि कांहीं माणसें तेथें उभीं असतात. दिवसभर रिकामे कां उभे राहिलांत, असें तो विचारतो. कोणी कामावर घेतलें नाहीं, एवढेंच त्यांचें उत्तर. कोणत्याहि शहरांतील मजुरांच्या नाक्यावर सकाळीं दहानंतर जो उभा दिसतो, त्याची स्थिति हीच असते. तो आळशी नसतो. तो म्हातारा असतो, किंवा अंगानें किरकोळ असतो, किंवा मुकादमाच्या ओळखीचा नसतो. संध्याकाळीं धनी मजुरी वांटतो. यहूदी धर्मशास्त्राप्रमाणें मजुरी सूर्यास्तापूर्वीं द्यावयाची असे, कारण गरिबाचा जीव तिच्यावर लागलेला असतो. वांटप शेवटीं आलेल्यांपासून सुरू होतें आणि त्यांना पूर्ण एक दीनार मिळतो. पहांटे आलेले तें पाहतात व जास्तीची आशा धरतात. पण त्यांनाहि एकच दीनार मिळतो. मग ते कुरकुरतात. दिवसभराचें ऊन सोसलेल्यांना आणि तासभर राबलेल्यांना एकाच मापानें मोजलें, ही त्यांची तक्रार आहे.

ही तक्रार खोटी नाहीं, हें प्रामाणिकपणें मान्य करावयास हवें. हिशेबाच्या वहींत ती रास्तच आहे. कित्येक प्रवचनकार या ठिकाणीं मजुरांना मत्सरी ठरवून मोकळे होतात. तें सोपें आहे, पण दृष्टांताचा कस त्यानें जातो. धन्यानें कोणाचें कांहीं कापून घेतलेलें नाहीं. ठरलेला दीनार प्रत्येक पहिल्या मजुराच्या हातीं पडलाच आहे. तासाच्या हिशेबानें पैसे दिले असते तर शेवटच्या मजुराच्या पदरीं दीनाराचा बारावा हिस्सा पडला असता, आणि तेवढ्यांत त्याच्या घरीं त्या रात्रीं चूल पेटली नसती. त्यानें किती काम केलें हें मुकादमाला ठाऊक असतें. त्याच्या घरीं किती तोंडें आहेत हें धन्यानें पाहिलें. देवाचा अंमल जेथें बसतो तेथें हा दुसरा हिशेब चालतो, आणि पहिल्या हिशेबावर ज्यांचा पोट भरण्याचा अनुभव आहे त्यांना तो अन्याय वाटतो. गोष्ट धन्याच्या प्रश्नावर संपते. तो एका मजुराला 'गड्या' अशी हांक मारून विचारतो, कीं माझें औदार्य तुला खुपतें काय? मजुराचें उत्तर मत्तयानें दिलेलें नाहीं.

या दृष्टांताचा एक धागा हिंदुस्थानाच्या इतिहासांतहि येऊन मिळाला आहे. जॉन रस्किन या इंग्रज लेखकानें १८६० सालीं अर्थशास्त्रावर जे निबंध लिहिले, त्यांना त्यानें याच गोष्टींतील शब्दांवरून 'अन् टु धिस लास्ट' असें नांव दिलें. गांधीजींनीं तें पुस्तक १९०४ सालीं जोहान्सबर्गहून दरबानला जातांना आगगाडींत वाचलें, त्याच वर्षीं फिनिक्स येथें सामुदायिक वसाहत उभी केली, आणि १९०८ सालीं त्याचा सारांश गुजराथींत 'सर्वोदय' या नांवानें प्रसिद्ध केला. विनोबांमुळें घरोघर पोंचलेल्या या शब्दाच्या मुळाशीं पांच वाजतां कामाला लागलेला तो मजूर उभा आहे.

हें राज्य येऊन चुकलें आहे, कीं अद्याप यावयाचें आहे? विद्वानांचा वाद येथेंच अधिक रंगला. लूकच्या सतराव्या अध्यायांत येशू सांगतो, कीं तें बोट दाखवून दाखवितां येणार नाहीं; आणि पुढचा ग्रीक शब्द असा आहे, कीं 'तुमच्या अंतरांत' व 'तुमच्यामध्यें' असे त्याचे दोन अर्थ होतात. टॉलस्टॉयनें पहिला अर्थ धरला आणि १८९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाला तेंच नांव दिलें. परंतु तेथें प्रश्न विचारणारे परूशी येशूचे विरोधक होते. त्यांच्या अंतरांत राज्य आहे असें तो म्हणेल हें जुळत नाहीं, म्हणून अलीकडील बरेच भाषांतरकार दुसरा अर्थ पसंत करतात. योहानेस वाइस यानें १८९२ सालीं व आल्बर्ट श्वाइट्झर यानें १९०६ सालीं असें मांडलें, कीं येशूला जगाचा अंत अगदीं जवळ आलेला दिसत होता. हें खरें, तर येशूची अपेक्षा फसली. पण हें लिहिणारा श्वाइट्झर स्वतः वैद्यक शिकून १९१३ सालीं आफ्रिकेंतील लाम्बारेने येथें रोग्यांची सेवा करण्यास गेला. हा विरोध दिसतो तितका विरोध नव्हे. सी. एच्. डॉड या ब्रिटिश पंडितानें १९३५ सालीं उलट बाजू मांडली: येशूच्या कृतींतच तें राज्य येऊन पोंचलें होतें. आज बहुतेक अभ्यासक दोन्ही अंगें धरून चालतात. मृगाची पहिली सर पडली म्हणजे जमीन भिजली असें होत नाहीं. पण शेतकरी त्या दिवसापासून घरीं बसत नाहीं.

हें राज्य बळानें ओढून आणूं पाहणाऱ्यांची गत जर्मनींतील म्यून्स्टर शहरांत दिसली. १५३४ सालीं कांहीं पंथीयांनीं तेथें देवाचें राज्य जाहीर केलें आणि लायडनचा यान त्याचा राजा झाला. पुढच्या वर्षीं शहर पडलें. पुढाऱ्यांचीं प्रेतें ज्या लोखंडी पिंजऱ्यांत टांगलीं, ते पिंजरे तेथील चर्चच्या मनोऱ्यावर अजून आहेत.

मराठींत या कल्पनेला शब्द शोधण्याचा यत्न जुना आहे. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आला. त्याचें ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें; त्यांत स्वर्गाला त्यानें 'वैकुंठ' हा शब्द घेतला. शब्द गोड आहे, श्रोत्यांच्या ओळखीचा आहे. पण वैकुंठाला जावें लागतें, तें येत नाहीं. त्यानंतर तीनशें वर्षांनीं रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं दुसरा शब्द उचलला. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनें १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. दरबार जेथें धनी असेल तेथें भरतो. त्याला ठराविक गांव लागत नाहीं. टिळकांच्या या दरबारांत बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशी ख्रिस्तावर भक्ति असून बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाहि होती. दिवसभराचें ऊन सोसलेल्यांनीं कुरकुरावें असाच हा प्रकार होता. त्यानंतर टिळकांना दोनच वर्षें मिळालीं. १९१९ च्या मे महिन्यांत मुंबईस त्यांचा अंत झाला.