उतारवयात घर विकताना
(न्यासाच्या महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी कराविषयी बोलणे म्हणजे पक्वान्नाच्या पंगतीत कारल्याची भाजी वाढण्यासारखे आहे. परंतु कार्यकारिणीने हा विषय दिला तो विचारपूर्वकच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ राजधानी झाले आणि नागपूरच्या सचिवालयातून कितीतरी मराठी कुटुंबे येथे आली. सरकारी क्वार्टरातून निघून पुढे कोणी अरेरा कॉलनीत, कोणी शहापुऱ्यात घर बांधले. आज त्या घरांत दोन म्हातारी माणसे आणि पाच खोल्या उरल्या आहेत. मुले पुण्यास, बंगळूरास, नाहीतर अमेरिकेत. गंमत अशी की, १९४७ साली प्रथम येऊन लवकरच गेलेला भांडवली नफ्यावरील कर टी. टी. कृष्णम्माचारी यांनी पुन्हा आणला तोही १९५६ च्या नोव्हेंबरातच!

प्रथम एक गैरसमज दूर करतो. ज्येष्ठ नागरिकाने राहते घर विकले तर कर माफ, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. आपला कायदा विकणाऱ्याचे पिकलेले केस पाहत नाही; पैशाचे पुढे काय केले, तेवढे पाहतो. अमेरिकेत १९९७ पासून राहत्या घराच्या नफ्यातील अडीच लाख डॉलर, आणि पतिपत्नींस मिळून पाच लाख डॉलर, काही अटींवर करमुक्त असतात. त्या पैशाने दुसरे घर घेतलेच पाहिजे असे नाही. आपल्याकडे मात्र घराच्या बदल्यात घर, हे सूत्र आहे. १९६१ च्या कायद्यातील कलम ५४ ते हेच. २०२५ च्या नव्या कायद्यात कलमाचा आकडा बदलला, आशय तोच.

विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत भारतात राहते घर विकत घ्यावे, अथवा तीन वर्षांत बांधावे. म्हणजे गुंतविलेल्या रकमेइतक्या नफ्यावर कर नाही. गुंतवावयाचा तो नफा, विक्रीची सगळी रक्कम नव्हे. कोलार रोडला लहानसा फ्लॅट घेऊन उरलेली पुंजी औषधपाण्यास ठेवता येते, ती यामुळेच. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर मिळाले नाही, तर रक्कम बँकेतील भांडवली नफा खात्यात टाकावी. साध्या बचत खात्यातली चालत नाही. नवे घर तीन वर्षे विकू नये. आणि मुलाच्या न्यू जर्सीतील घरात घातलेला पैसा येथे उपयोगी पडत नाही.

खरी अडचण आहे ती ज्यांना पुन्हा घर नकोच आहे त्यांची. मुलाकडे राहावयास जाणारी विधवा बाई, किंवा वृद्धाश्रमात अनामत भरून राहू पाहणारे जोडपे. अनामत म्हणजे घरखरेदी नव्हे. त्यांना वाट एकच: सहा महिन्यांच्या आत ठराविक सरकारी संस्थांचे रोखे घेणे. त्याची मर्यादा पन्नास लाख, आणि पैसे पाच वर्षे अडकतात. ऐंशीव्या वर्षी पाच वर्षे म्हणजे काय, हे कायदा करणाऱ्यांनी एखाद्या ऐंशीच्या माणसास विचारावयास हवे होते. माझ्या मते येथे वयाची सवलत असणे न्यायाचे आहे.

कर भरावा लागलाच, तर हिशेब नीट मांडावा. २००१ पूर्वीच्या घरास १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. मात्र मुद्रांकासाठीच्या सरकारी मूल्यापेक्षा जास्त नाही. २३ जुलै २०२४ पासून दर साडेबारा टक्के, पण महागाईची वजावट गेली. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरास, मालक भारतात राहणारा असेल तर, जुन्या वीस टक्क्यांच्या हिशेबाने कमी भरेल तेवढाच कर. समजा, २००१ ची किंमत वीस लाख आणि २०२५-२६ मध्ये विक्री नव्वद लाखांस झाली. नव्या रीतीने कर पावणेनऊ लाख. जुन्या रीतीने वीस लाखांचे ३७६ निर्देशांकाने पंचाहत्तर लाख वीस हजार होतात, आणि कर दोन लाख शहाण्णव हजार. उपकर वेगळा. किंमत आठपटीहून बरीच अधिक वाढली असेल, तर मात्र नवी रीतच स्वस्त.

नवा फ्लॅट मुलाच्या एकट्याच्या नावावर घेऊ नका. अशा प्रकरणी न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत; शिवाय कराचे राहू द्या, छप्पर आपल्या नावाचे असावे. "मी विकतच नाही, मुले पाहतील," असे म्हणणाऱ्यांनीही जाणावे की वारशाने घर मिळताना कर नसला, तरी विकताना मुलांना तुमचीच जुनी किंमत धरावी लागते. (घर न्यासाला द्या, असे सांगण्यास मी उभा नाही. विश्वस्तांनी हसू नये!)

पैशाची निकड आहे पण उंबरठा सोडवत नाही, अशांसाठी २००८ पासून उलट गहाणाची योजना आहे. साठी ओलांडलेल्यास घरावर बँक दरमहा रक्कम देते. ती उत्पन्नात धरत नाहीत. दोघेही हयात असेतो घरातून कोणी उठवीत नाही. मागाहून कर्ज वारसांनी फेडावे, नाहीतर बँक घर विकून उरलेले त्यांस देते.

ज्यांना विकावयाचे आहे त्यांनी सौदा ठरविण्यापूर्वी लीजचा कागद, बांधकामाच्या पावत्या आणि २००१ च्या मूल्याचा नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला काढून ठेवावा. पन्नास लाख वा अधिक किमतीवर खरेदीदार एक टक्का कापून सरकारात भरतो. ती कपात आपल्या पॅनवर जमा झाली की नाही, हे विवरणपत्रापूर्वी तपासावे.