बॅटरीची निगा आणि घराची राखण

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



ज्ञातीच्या मेळाव्यात बहुधा शिक्षण, व्यसनमुक्ती, विवाहातील खर्च अशा विषयांवर भाषणे होतात, आणि ती झालीच पाहिजेत. कार्यकारी मंडळाने आम्हास चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही मात्र हातयंत्रांच्या बॅटरीचा विषय निवडला. एवढ्याशा वस्तूवर व्याख्यान ते काय द्यावयाचे, असे कोणाच्याही मनात येईल. परंतु आपल्यापैकी किती घरांत सुतारकाम, फॅब्रिकेशन, वायरिंग, यंत्रमागाची दुरुस्ती किंवा मंडप उभारणी हा पोटाचा धंदा आहे, याचा विचार करावा. गड्ड्याच्या यात्रेत दुकाने आणि पाळणे उभे राहतात तेव्हा तेथे आपलीच तरुण मंडळी वायर न ओढता, बॅटरीच्या यंत्राने भराभर स्क्रू आवळताना दिसतात. दिवसभर राबलेली ती बॅटरी रात्री मालकाबरोबर घरी येते, आणि जेथे मुलेबाळे झोपतात त्याच खोलीत चार्जरला लागते. विषयाचे महत्त्व येथे आहे.

आम्ही यंत्रशास्त्राचे पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन आयुष्यभर शाळेत खडू हाती धरला, एवढीच आमची विद्या. तथापि विज्ञानाच्या तासाला मुलांना विद्युत्‌घट शिकविताना जी रीत पाळली, तीच आज पाळू. प्रथम वस्तू काय आहे ते पाहू, मग तिच्याशी कसे वागावे ते ठरवू. कोशात विद्युत्‌घट हा शब्द असला तरी आपण सर्व बॅटरीच म्हणतो. आम्हीही तेच म्हणू.

आपल्या परिचयाची सर्वांत जुनी चार्ज होणारी बॅटरी शिशाची. फ्रान्समधील गास्तों प्लांटे यांनी ती 1859 साली सिद्ध केली. मोटारीत आणि इन्व्हर्टरला आजही बहुधा तीच असते. पुढे निकेल-कॅडमियमची बॅटरी आली. ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कंपनीने 1961 साली वायर नसलेले ड्रिल बाजारात आणले ते याच बॅटरीवर. लिथियम-आयन बॅटरी सोनी या जपानी कंपनीने 1991 साली प्रथम विक्रीस आणली, आणि तिचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना 2019 साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक नव्या हातयंत्रांत ही लिथियमचीच बॅटरी असते.

या तिन्ही बॅटऱ्यांचे स्वभाव निरनिराळे आहेत. अडचण अशी की वस्तू बदलली तरी हाताची सवय बदलत नाही. निकेल-कॅडमियमच्या काळात जुन्या कारागिरांनी शिष्यांना सांगितले की बॅटरी पूर्ण उतरू द्यावी, मगच चार्ज करावी. त्या बॅटरीपुरता तो उपदेश योग्यच होता. इन्व्हर्टरच्या बॅटरीने शिकविले की ती रात्रंदिवस वीजेला जोडलेली असली तरी चालते. लिथियमला या दोन्ही गोष्टी मानवत नाहीत. तिचा सेल पार रिकामा झाला की आतील तांब्याचा पत्रा द्रवात विरघळू लागतो, आणि अशी मरणोन्मुख बॅटरी पुन्हा चार्जरला लावली म्हणजे आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका संभवतो. उलट पक्षी, भरलेल्या सेलमध्ये आणखी वीज रेटली तर तो तापतो. तापण्याची मर्यादा ओलांडली की आतील रसायने आपापसांत पेट घेतात, आणि एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटविते. यास्तव यंत्र मंदावताच थांबावे व बॅटरी बदलावी. दाब देऊन अखेरचा थेंब काढू नये.

बॅटरीच्या अंगावरील आकड्यांचाही थोडा परिचय करून घेऊ. लिथियमच्या एका सेलचा दाब साधारण 3.6 व्होल्ट असतो; पूर्ण भरला की 4.2. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की 18 व्होल्ट होतात, आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत 21. म्हणजे एका डब्यावर 18 आणि दुसऱ्यावर 21 लिहिलेले असले तरी माल बहुधा एकाच जातीचा असतो. मात्र काही स्वस्त यंत्रांवर 48 किंवा 88 असा आकडा आणि पुढे व्हीएफ अशी अक्षरे छापलेली दिसतात. तो आकडा व्होल्टचा समजू नये. आत पुष्कळदा तेच पाच सेल असतात. आकड्याला भुलून 48 व्होल्टचा चार्जर जोडला तर काय अनर्थ होईल, हे सांगावयास नको.

याच कारणाने चार्जरविषयी आमचा विशेष आग्रह आहे. चांगला चार्जर आरंभी ठरावीक प्रवाह देतो, दाब पुरेसा चढला की प्रवाह हळूहळू कमी करतो आणि बॅटरी भरताच थांबतो. नकली चार्जरात ही शिस्त असेलच असे नाही. कित्येक स्वस्त यंत्रांना गोल पिनेचा चार्जर असतो, आणि ती पिन दुसऱ्या अनेक उपकरणांच्या चार्जरांचीही असते. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला, असे कदापि मानू नये. ज्या यंत्राचा चार्जर त्याच यंत्राला. आणि घरात दोन-तीन असतील तर त्यांवर रंगाने खूण करून ठेवावी. बॅटरी फोडून आत मिळेल ते सेल भरून देणारे कारागीरही आढळतात. पाच सेलांपैकी एक जरी कमकुवत निघाला तरी सगळ्यांचा समतोल बिघडतो, आणि राखणीसाठी आत बसविलेली पट्टी काढून थेट तारा जोडणे हा तर पहारेकऱ्यास घालवून दार उघडे टाकण्याचा प्रकार होय. बॅटरीची किंमत कित्येकदा यंत्राच्या निम्म्यापर्यंत जाते हे आम्ही जाणतो. पण ही काटकसर महागात पडणारी आहे.

आता आपल्या सोलापूरच्या उन्हाकडे वळू. चैत्र-वैशाखात येथे पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद टेम्पोत त्याहून कितीतरी अधिक उष्णता कोंडते. बहुतेक कंपन्या चार्जिंगसाठी उष्णतेची वरची मर्यादा चाळीस ते पंचेचाळीस अंशांच्या आसपास सांगतात. म्हणजे भर दुपारी पत्र्याखाली चार्ज करणे ही मर्यादेशी झुंजच. उन्हाळ्यात चार्जिंग सकाळच्या थंड वेळी करावे. काम करून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नये. सावलीत अर्धा-पाऊण तास ठेवून हाताला थंड लागली म्हणजे लावावी. थंड करण्यासाठी ओले फडके गुंडाळणे किंवा ती बर्फाच्या डब्यात ठेवणे हे दोन्ही वर्ज्य समजावे, कारण ओलावा टोकांत शिरतो. पावसाळ्यात कामे मंदावतात तेव्हा बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नये. निम्मी भरलेली, यंत्रातून काढलेली, कोरड्या व थंड जागी ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहावी. पिशवीत खिळे-स्क्रूंबरोबर ती मोकळी टाकू नये. एक खिळा दोन्ही टोकांना आडवा झाला तरी ठिणगी पडते; म्हणून टोकांवर झाकण असावे.

बंधूंनो, इतका वेळ आम्ही बॅटरीच्या निगेविषयी बोललो. आता घराच्या राखणीविषयी बोलतो, आणि आजचे मुख्य सांगणे हेच आहे. 2022 च्या सप्टेंबर महिन्यात वसई येथे विजेच्या स्कूटरची बॅटरी घरात रात्री चार्ज होत असता तिचा स्फोट झाला, आणि त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजून काही दिवसांनी दगावला. त्याच महिन्यात सिकंदराबाद येथे खाली विजेच्या स्कूटरचे दुकान आणि वर लॉज अशा इमारतीत आग लागली. धूर वर चढला आणि 8 माणसे प्राणास मुकली. स्कूटरची बॅटरी मोठी आणि ड्रिलची लहान, हे खरे. परंतु दोन्हींत लिथियमच आहे, आणि लहान बॅटरीसुद्धा गादी-चादर पेटविण्यास पुरेशी आहे.

आपल्या शहराने तर वेगळेच दुःख पाहिले. 2025 च्या 18 मे रोजी पहाटे अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यास आग लागली आणि 8 जण मरण पावले. त्यांत तेथेच राहणाऱ्या मालकाच्या कुटुंबातील माणसे होती. ती आग बॅटरीने लागली असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण त्या पहाटेने सोलापूरकरांस जे शिकविले ते विसरून चालणार नाही. आपल्या शहरात कित्येक कुटुंबांचा धंदा आणि बिऱ्हाड एकाच छपराखाली असतात. खाली माग, सुताचे गठ्ठे, चिंध्या आणि कापसाची तूस, वर कुटुंब, आणि उतरावयास एकच जिना. अशा घरात आग कोणत्याही कारणाने लागो, झोपलेल्या माणसास वाट सापडत नाही.

म्हणून आम्ही एकच नियम सांगतो, आणि बाकी सर्व विसरले तरी हा लक्षात ठेवावा: जेथे माणसे झोपतात तेथे, आणि जेव्हा माणसे झोपतात तेव्हा, बॅटरी चार्ज होता कामा नये.

चुलीला जशी घरात ठरलेली जागा असते तशी चार्जरलाही असावी. खाली फरशी किंवा शहाबादी दगड असावा. सतरंजी, पोते, लाकडी फळी नको. आसपास दोन-तीन हात सूत, कागद, रंग, थिनर काही नसावे. जिन्याखाली, दाराच्या वाटेत, देवघराशेजारी ती जागा नसावी. पेट घेतलाच तर माणसांची बाहेर पडण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे. चार्जरवर फडके टाकू नये. बॅटरी भरली की पिन काढावी आणि बटण बंद करावे. भगिनींना आमची खास विनंती आहे. दिवसा घरात आपला वावर अधिक असतो. तेव्हा चार्जर लावून पुरुष मंडळी झोपी गेली किंवा बाहेर पडली, तर बटण बंद करण्याचा अधिकार आपला समजावा. त्यासाठी कोणाची परवानगी नको.

धोक्याची चिन्हेही ओळखून ठेवावी. बॅटरी फुगणे, कवच तडकणे, गोडसर किंवा उग्र वास येणे, चार्ज होताना हात ठेववत नाही इतकी तापणे, किंवा उंचावरून पडल्यावर पूर्वीसारखी न चालणे, यांपैकी काहीही आढळले तर ती पुन्हा चार्ज करू नये. धूर नसेल तर ती बाहेर उघड्यावर, वाळूच्या बादलीत, घरापासून दूर ठेवावी. धूर किंवा फुत्कार सुरू झाला असेल तर हात लावू नये. प्रथम माणसे बाहेर काढावी, साधेल तर मेन स्विच बंद करावा, आणि 101 वर अग्निशामक दलास कळवावे. तो धूर विषारी असतो. वस्तू वाचविण्यासाठी त्यात कोणी शिरू नये. बाहेर पेटलेल्या लहान बॅटरीवर, वीज तोडली असल्यास, दुरून भरपूर पाणी मारावे, कारण आतील उष्णता घालविणे हाच तेथे खरा उपाय आहे. विझली असे वाटले तरी काही तासांनी ती पुन्हा पेटू शकते. म्हणून ती परत घरात आणू नये.

मेलेल्या बॅटरीचे काय करावे? घंटागाडीत टाकू नये, जाळू नये, मुलांच्या हाती खेळावयास देऊ नये. केंद्र सरकारने 2022 साली केलेल्या नियमांनुसार निकामी बॅटरी घरच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवून ती गोळा करणाऱ्या किंवा तिच्यावर प्रक्रिया करणाऱ्याच्या स्वाधीन करणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे, आणि अशा बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था करणे हे उत्पादकाचे. यंत्र विकत घेतानाच दुकानदारास याविषयी विचारावे. टोकांवर चिकटपट्टी लावूनच ती सोपवावी.

शेवटी एक सूचना मांडतो. खंडेनवमीस आपण हत्यारांची पूजा करतो. करवत, रंधा, माप यांच्या ओळीत आता ड्रिलही येऊन बसले आहे, आणि ते योग्यच आहे. हळदकुंकू मात्र यंत्राच्या मुठीला लावावे, बॅटरीच्या टोकांना नव्हे. त्या दिवशी प्रत्येक घराने आपल्या बॅटऱ्या व चार्जर तपासावे, फुगलेली बॅटरी बाजूस काढावी, तुटकी वायर बदलावी. दुसरी तपासणी गुढीपाडव्यास, उन्हाळ्याच्या तोंडावर करावी. वर्षातून दोन दिवस एवढे झाले तरी पुष्कळ अनर्थ टळतील. मंडळाने या सूचना एका पत्रकावर छापून घरोघर पोहोचवाव्या, आणि वसतिगृहातही एक प्रत लावावी, अशी आमची कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे.

ज्या हत्याराने आपण अन्न मिळवितो त्याचा मान ठेवणे ही आपली रीत आहे. मान ठेवणे म्हणजे त्याचा स्वभाव ओळखून वागणे.