अद्भुत कादंबरी आणि कोपरीचा एक वाचक
(ग्रंथालय कार्यकर्ते व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ठाणे स्थानकाच्या पूर्वेस, लोहमार्ग आणि खाडी यांच्या दरम्यान कोपरीची वस्ती आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी याच ठाण्याला येऊन थांबली. स्थानकाच्या पश्चिमेस, 1893 साली स्थापन झालेले मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. कोपरीतील एक सेवानिवृत्त शिक्षक गेली अनेक वर्षे रुळांवरचा पूल ओलांडून पुस्तके आणण्यासाठी पश्चिमेस जात आले आहेत. त्यांच्या पिशवीत चरित्रे असतात, इतिहास असतो. पण अधिक करून असतात त्या अद्भुत कादंबऱ्या. या वाङ्मयाविषयी त्यांची काही ठाम मते आहेत. ग्रंथालय समित्यांचे सदस्य, शिक्षक आणि पंचायतींचे पदाधिकारी यांनी ती ऐकण्यासारखी आहेत, म्हणून आज ती येथे मांडावयाची आहेत.

अद्भुत म्हणजे परदेशातून आलेले खूळ, असा एक समज आढळतो. या वाचकाला तो मान्य नाही. 'नॉव्हेल' या वाङ्मयप्रकाराला मराठीने जे नाव दिले, तेच मुळी बाणभट्टाच्या सातव्या शतकातील 'कादंबरी' या संस्कृत गद्यकथेवरून आले. त्या कथेत पोपट आपली हकिकत सांगतो आणि माणसे जन्मांतरी पुन्हा भेटतात. म्हणजे मराठीत कादंबरी हा शब्द उच्चारला, की अद्भुताचे स्मरण आपोआपच होते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणावयास घेतल्या आणि त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी ते काम पुढे नेले. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 साली आणि रिसबूड यांची 'मंजुघोषा' 1868 साली प्रसिद्ध झाली. राजपुत्र, राजकन्या, घोर अरण्ये आणि विलक्षण योगायोग यांनी त्या काळचा वाचक भारून गेला होता.

या वाङ्मयावर टीकाही लवकरच सुरू झाली. का. बा. मराठे यांनी 1872 च्या आपल्या निबंधात नावल व नाटक यांची चिकित्सा करून असंभाव्य गोष्टींवर बोट ठेवले. पुढे हरिभाऊ आपटे यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' लिहून घराघरांतील दुःख कादंबरीत आणले. ही टीका योग्यच होती, असे कोपरीचे वाचक म्हणतात. जुन्या अद्भुत कादंबऱ्यांतील नायिका बहुधा जिंकून आणण्याची वस्तू असते आणि दुष्ट माणूस चेहऱ्यावरूनच ओळखू येतो, हे त्यांना आजही खटकते. परंतु वास्तवाची बाजू घ्यावयाची म्हणजे अद्भुताला हद्दपार करावयाचे, हा निष्कर्ष त्यांना पटत नाही. 1913 च्या 'वीरधवल'चे कर्ते नाथमाधव हे अपघाताने अपंगत्व आल्यावर लेखनाकडे वळले. ज्याला चालणे दुष्कर झाले, त्याने हजारो वाचकांना गडकोटांतून फिरवून आणले. अशा कल्पनाशक्तीला पळवाट कसे म्हणावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

या मतांमागे एक शल्य आहे. नोकरीच्या आरंभी या शिक्षकांनी एका विद्यार्थ्याच्या हातातून नारायण धारप यांचे समर्थकथांचे पुस्तक काढून घेतले. भुताखेतांच्या गोष्टींनी मुलगा अंधश्रद्ध होईल, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले. त्याऐवजी त्यांनी त्याला एक बोधपर पुस्तक दिले. मुलाने ते न वाचता परत केले आणि त्यानंतर तो शाळेच्या ग्रंथालयाकडे फिरकला नाही. ते जप्त केलेले पुस्तक पुढे एका रात्री त्यांनी स्वतः वाचावयास घेतले आणि पहाटेपर्यंत ते खाली ठेवले नाही. आपण त्या मुलाची अंधश्रद्धा दूर केली नाही, केवळ त्याचे वाचन थांबविले, हे तेव्हा त्यांच्या ध्यानी आले.

हा प्रश्न शासकीय कार्यकर्त्यांनाही टाळता येण्याजोगा नाही. महाराष्ट्रात 2013 साली नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा झाला. मग जादूच्या कादंबऱ्या ग्रंथालयात ठेवाव्यात काय? या वाचकाचे उत्तर स्पष्ट आहे. भोंदू मांत्रिक आपली गोष्ट खरी म्हणून सांगतो, भीती घालतो आणि मोबदला मागतो. कादंबरीकार पहिल्या पानावरच ती कल्पित असल्याचे मान्य करतो आणि पुस्तक मिटण्याचा अधिकार वाचकाकडे ठेवतो. कल्पिताला कल्पित म्हणून ओळखावयास शिकलेले मूल भोंदूच्या कथेलाही प्रश्न विचारू शकते. मात्र ही ओळख आपोआप होत नाही; पुस्तकाविषयी मुलांशी बोलणारा शिक्षक त्यासाठी लागतो.

चांगली अद्भुत कादंबरी कशी ओळखावी, याच्या त्यांच्या कसोट्या साध्या आहेत. कल्पित जगालाही नियम हवेत आणि लेखकाने ते अखेरपर्यंत पाळावेत. शक्ती वापरणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागावी. फुकटच्या चमत्काराने कथा पोकळ होते. कोणी जन्माने वा रूपाने दुष्ट ठरू नये. टोल्किन यांच्या 1954-55 मधील महाकादंबरीत अंगठी हाती आलेल्या सज्जनालाही मोह पडतो. म्हणून ती थोर, असे ते मानतात. तिचा 'स्वामी मुद्रिकांचा' हा मराठी अवतारही उपलब्ध आहे. पुस्तकमालिकांविषयी त्यांचे म्हणणे असे, की मालिकेला शेवट हवा. 1997 ते 2007 या काळात हॅरी पॉटरचे सात भाग निघाले. वाचणारी मुले नायकाबरोबर मोठी झाली आणि कथा ठरल्या जागी संपली. केवळ खपासाठी लांबविलेली मालिका ते दुसऱ्या भागानंतर सोडून देतात.

त्यांची एक तक्रार मात्र लेखकांविषयी नसून ग्रंथालयांविषयी आहे. मालिकेचा पहिला आणि तिसरा भाग कपाटात असतो, दुसरा कधी घेतलेलाच नसतो किंवा हरवलेला असतो. अशा ठिकाणी बालवाचकाची उत्सुकता अर्ध्यावर मोडते. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे राज्यात शासनमान्य ग्रंथालयांना अनुदानाचा आधार मिळाला. त्या अनुदानातून ग्रंथखरेदी करताना मालिका घ्यावयाची तर पूर्ण संच घ्यावा, हरवलेला भाग त्वरित भरून काढावा आणि खरेदीच्या यादीवर वाचणाऱ्या दोन मुलांचेही मत घ्यावे, एवढीच त्यांची मागणी आहे. यासाठी नव्या योजनेची आवश्यकता नाही. थोडी दक्षता पुरेशी आहे.

कोपरीचे हे शिक्षक आजही शेजारच्या मुलांना पुस्तके देतात. परत आणताना मुलाने एकच प्रश्न सोडवावयाचा असतो: यातील कोणती गोष्ट घडणे अशक्य आहे, आणि तरीही कोणती गोष्ट खरी वाटली? पहिल्या भागाचे उत्तर मुले चटकन देतात. दुसऱ्या भागासाठी मात्र त्यांना थांबावे लागते आणि बहुधा उत्तर येते ते मैत्रीविषयी, भीतीविषयी, किंवा दिलेल्या शब्दाविषयी. हा प्रश्न प्रत्येक शाळेत आणि गावच्या प्रत्येक वाचनालयात विचारला जावा, अशी अपेक्षा व्यक्त करून हे विवेचन येथे पूर्ण करणे उचित होईल.